राणी छाप रुपयाएवढी गोळी



सुगी जवळ आली की रानडुकरांच्या आणि रोह्यांच्या तक्रारींची पत्रे येऊ लागतात. त्या गठ्ठ्यात या वेळी एक निराळे पत्र निघाले. एका आजोबांनी लिहिले आहे, "माझा नातू अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात शिकायला आहे. तिथले शेतकरी थंडीत हरणांची शिकार करतात आणि काडतुसे घरीच भरतात, असे तो सांगतो. त्याच्या शेजारचा म्हातारा दोन गोळ्या तळहातावर घेऊन 'ही की ती' करीत बसलेला त्याने पाहिला. मला नवल वाटते. हरीण कोणत्याही गोळीने मरणारच. मग एवढा विचार कशाला?"

आजोबा, हरीण कोणत्याही गोळीने मरते हे खरे. पण ते किती वेळाने मरते, किती हाल होऊन मरते आणि कुठे जाऊन पडते, हे पुष्कळसे गोळीवर असते. तो म्हातारा विचार करीत होता तो याचाच. योगायोगाने मी त्या मुलखात राहून आलो आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात भाच्याकडे गेलो होतो. त्याच्या शेजारी साठ-सत्तर दुभत्या गाई सांभाळणारा एक शेतकरी राहतो. त्याच्या तळघरात बसून मी जे पाहिले आणि ऐकले, ते आज सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो. ही सगळी हकिगत तिकडची आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद आहे, मग ते चितळ असो, सांबर असो की काळवीट. आणि परवान्यावाचून काडतुसे भरणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. तेव्हा हे वाचायचे ते समजून घेण्यासाठी, करून पाहण्यासाठी नव्हे.

तिकडे हरीण हे शेतकऱ्याचे जुने दुखणे आहे. पांढऱ्या शेपटीची ही हरणे मका खातात, सोयाबीन खातात, गाईंसाठी लावलेला लसूणघास खातात आणि फळबागेचे कोवळे शेंडे खुडतात. त्यांना आवरणारे लांडगे शेतीच्या भागातून केव्हाच हटले. म्हणून सरकार दरवर्षी परवाने देऊन शिकारीला मोकळीक देते. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी त्यांचा थँक्सगिव्हिंगचा सण असतो. त्याच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस ही बंदुकीची शिकार चालते. नियम कडक. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला बंदूक सुरक्षिततेचा वर्ग पुरा केल्याशिवाय परवाना मिळत नाही. अंगावर भडक रंगाचे कपडे हवेत, म्हणजे एकाने दुसऱ्याला हरीण समजू नये. मारलेल्या हरणाची नोंद करावी लागते. मांस विकता येत नाही. ते घरात खायचे किंवा कुणाला द्यायचे. त्या शेतकऱ्याच्या घरी एका हरणावर हिवाळ्याचे कितीतरी रविवार निघतात.

तळघरात एका भिंतीला लागून जुने भक्कम टेबल होते. त्यावर एक दाबयंत्र, एक छोटा ताजवा आणि एक जाडजूड वही. त्याने माझ्या तळहातावर तीन गोळ्या ठेवल्या आणि म्हणाला, "सांग, यातली कोणती घेशील?"

गोळ्यांची जाडी सारखीच होती, लांबी तेवढी थोडी कमीजास्त. वजने होती १५०, १६५ आणि १८० ग्रेन. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. आपले सोनार गुंजेने तोलत, तसे त्यांच्याकडे दाण्याने तोलण्याची रीत पडली, ती गोळीच्या आणि दारूच्या बाबतीत अजून टिकून आहे. मी मनात हिशेब केला आणि मला हसू आले. आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, आणि आजीच्या गाठोड्यातला राणी छाप चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा तोळा, हे जुन्या लोकांना पाठ असते. त्या मापाने एक मासा म्हणजे १५ ग्रेन. म्हणजे माझ्या हातात दहा माशांची, अकरा माशांची आणि बारा माशांची अशा तीन गोळ्या होत्या. सर्वात जड गोळी राणी छाप रुपयाएवढी.

मी शेतकऱ्याच्या बुद्धीने उत्तर दिले, "जड असेल ती घेईन. बसेल तर जोरात बसेल."

तो म्हणाला, "सगळे नवखे हेच म्हणतात. माझी पहिली चूक मात्र याच्या उलट होती." आणि त्याने ती सांगितली.

तो तेव्हा अठरा वर्षांचा होता. वडिलांची थर्टी-ऑट-सिक्स जातीची रायफल पहिल्यांदा एकट्याने घेऊन निघाला. हे काडतूस १९०६ साली अमेरिकी फौजेने स्वीकारले. पुढे शिकारीत ते घरोघर पोचले, कारण त्यात ११० पासून २२० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या चालतात. घरात ११० ग्रेनची काडतुसे उरलेली होती. ती बांधाला बिळे करणाऱ्या, घुशीपेक्षा मोठ्या एका प्राण्यासाठी वडिलांनी भरलेली. ती गोळी अंगावर आदळताच फुटून तिचे तुकडे व्हावेत अशी मुद्दाम पातळ सालीची केलेली असते. पोराने विचार केला, गोळी ती गोळी. साठ वारांवर, म्हणजे साठ यार्डांवर, हरीण आडवे उभे होते. नेम चुकला नाही. गोळी खांद्याच्या हाडावर बसली आणि तिथेच फुटली. आत शिरलीच नाही. हरीण तीन पायांवर उड्या मारीत शेजाऱ्याच्या दलदलीत गेले.

वडिलांना कळले तेव्हा दिवस मावळला होता. ते ओरडले नाहीत. कंदील घेतला आणि म्हणाले, "ते सापडेपर्यंत आपल्या दोघांना घर नाही." रात्रभर दोघे चिखलात रक्ताचे थेंब शोधीत हिंडले. सकाळी ते एका पडलेल्या झाडाआड सापडले, जिवंत. वडिलांनी मुलाच्या हातात योग्य काडतूस दिले आणि स्वतः तोंड फिरवून उभे राहिले. "त्या हरणाचे डोळे मी अजून विसरलेलो नाही," तो म्हणाला. त्या दिवसापासून त्या घरातल्या प्रत्येक डबीवर चिठ्ठी असते, आणि हलक्या गोळ्यांच्या डबीवर लाल अक्षरात लिहिलेले असते, 'हरणासाठी नाही'.

आजोबा, तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या गोष्टीत आले. हरणाच्या गोळीला दोन कामे करायची असतात. एक, आत शिरून फुप्फुसापर्यंत पोचणे. दोन, वाटेत फुलासारखी उमलून रुंद जखम करणे, म्हणजे जनावर क्षणात कोसळते. नुसती शिरली आणि उमलली नाही तर सुईसारखी आरपार जाते आणि हरीण मैलभर पळते. नुसती उमलली आणि शिरली नाही तर त्या पोरासारखे होते. हलकी गोळी लवकर उमलते, जड गोळी खोल जाते, असे ढोबळमानाने म्हणतात. पण वजनाइतकीच तिची बांधणी महत्त्वाची.

याचा एक दाखला प्रसिद्ध आहे. १९४६ साली जॉन नोस्लर नावाचे शिकारी कॅनडात मूसच्या शिकारीला गेले होते. मूस म्हणजे घोड्याएवढे धिप्पाड सांबरच समजा. त्याच्या अंगावर चिखलाचा थर वाळलेला होता. नोस्लरांची रायफल चांगली दांडगी, पण गोळ्या कातडीवरच फुटू लागल्या. घरी येऊन त्यांनी मधोमध पडदा असलेली गोळी बनवली. पुढचा भाग उमलतो, मागचा शाबूत राहून आत जातो. १९४८ पासून ती विकली जाऊ लागली आणि अजून विकली जाते. म्हणजे वजन विचारण्याआधी, गोळी कोणत्या जनावरासाठी बनवली आहे ते विचारावे. डबीवर ते लिहिलेले असते.

आता वजनाकडे येऊ. त्या तिन्ही गोळ्या हरणासाठीच बनवलेल्या होत्या. १५० ग्रेनची गोळी त्या रायफलीतून सेकंदाला सुमारे २,९०० फूट वेगाने निघते, १६५ ची २,८०० आणि १८० ची २,७०० च्या आसपास. वजन मासाभर वाढले की वेग शंभर फुटांनी उतरतो. मला वाटले, मग हलकी सरळ जाईल आणि जड लवकर खाली येईल. पण शंभर वारांवर नेम जुळवलेला असेल, तर दोनशे वारांवरही त्यांच्या पडण्यात जेमतेम बोटभर फरक असतो. हरणाच्या छातीत जिथे गोळी बसायला हवी ती जागा वीतभर आहे. बोटभर फरकाने तिथे काही बिघडत नाही. बिघडते ते गोळ्या एका जागी पडत नसतील तर.

आणि हे ज्याच्या त्याच्या रायफलीवर असते. रायफलीच्या नळीत आतून मळसूत्रासारखे आटे असतात. गोळी त्यातून भोवऱ्यासारखी फिरत निघते. भोवरा पुरेसा फिरला तर ताठ राहतो, कमी फिरला तर डुगडुगतो. जड गोळी लांब असते आणि लांब गोळीला जास्त फिरत लागते. १९५५ साली अमेरिकेत एकाच जाडीच्या गोळीची दोन नवी काडतुसे निघाली, विंचेस्टरचे टू-फॉर्टी-थ्री आणि रेमिंग्टनचे टू-फॉर्टी-फोर. पहिल्याची नळी दहा इंचांत गोळीला एक फेरा देई, दुसऱ्याची बारा इंचांत. शिकाऱ्यांना हरणासाठी १०० ग्रेनची गोळी हवी होती. ती पहिलीत चांगली चाले, दुसरीत तिचा भरवसा वाटेना. लोक पहिलीकडे वळले. दुसऱ्या कंपनीने पुढे फिरत वाढवली आणि १९६३ साली काडतुसाचे नावही बदलले, पण गेलेले गिऱ्हाईक परत आले नाही. दोन इंचांच्या फिरतीचा हा परिणाम.

म्हणून आमच्या शेजाऱ्याने काय केले? ऑक्टोबरात शंभर वारांवर पांढरा कागद लावला, टेकडीच्या पोटाशी, म्हणजे गोळी मागे मातीतच जावी. तिन्ही वजनांच्या पाच-पाच गोळ्या टेकू देऊन सावकाश मारल्या. १५० च्या तीन इंचांत पसरल्या. १८० च्या दोन इंचांत बसल्या, पण खांद्याला दणका मोठा. १६५ च्या पाचही दीड इंचांत. त्याच्या रायफलीने कौल दिला होता, अकरा मासे. शेजारच्या दुसऱ्या रायफलीने कदाचित दहा म्हटले असते. हे वाणाच्या पेरणीसारखेच आहे. शेजाऱ्याच्या रानात आलेला वाण आपल्या मातीत येईलच असे नाही. दोन ओळी लावून पाहिल्याशिवाय कळत नाही.

त्याच्या बायकोची रायफल वेगळी, ती टू-फॉर्टी-थ्री. गोळी १०० ग्रेनची, म्हणजे सात माशांहूनही कमी. मी विचारले, "बाईमाणूस म्हणून हलकी?" ती हसून म्हणाली, "नाही. दणक्याला घाबरून डोळे मिटणारा माणूस राणी छाप रुपया मारो की तोफगोळा, तो हरणाला लागत नाही." तिचा नेम नवऱ्यापेक्षा चांगला आहे, हे नवऱ्यानेच मला हळूच सांगितले. दणका सोसवेल तेवढेच वजन, हा नियम पुरुषालाही लागू आहे.

आणखी एक भेद जाणण्यासारखा आहे. तिकडच्या दाट झाडीत १८९५ सालापासून चालत आलेले थर्टी-थर्टी नावाचे काडतूस अजून पुष्कळ घरांत आहे. त्याला १५० किंवा १७० ग्रेनची गोळी घालतात. त्या रायफलीत नळीखाली दुसरी नळी असते आणि काडतुसे तिच्यात एकामागे एक रांगेत बसतात. एकाचे टोक पुढच्याच्या बुडाला, जिथे पेटणारी टोपी असते तिथे टेकते. म्हणून तिथे टोकदार गोळी चालत नाही, बोथट किंवा मऊ टोकाचीच लागते. टोकदार घातली आणि दणका बसला, तर बंदुकीच्या पोटातच बार उडू शकतो. गोळी निवडताना वजनाबरोबर आकारही पाहावा लागतो, तो असा.

आता काडतूस घरी भरण्याबद्दल. हा खटाटोप कशासाठी, तर काटकसरीसाठी आणि खात्रीसाठी. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी हा त्याचा सर्वात महाग भाग. ती नीट वापरली तर पुन्हा पुन्हा भरता येते. त्याची रीत मी पाहिली. पुंगळ्या पुसून एकेक उजेडात फिरवली. तोंडाला चीर दिसली की ती टाकून दिली. मग साच्यात दाबून मूळ मापाची केली. जुनी टोपी काढून नवी बसवली. दारू ताजव्यात तोलून घातली. पुंगळ्या फळीवर उभ्या करून विजेरीने प्रत्येकीत डोकावून पाहिले, कुणात दारू दोनदा पडली नाही ना, कुणी रिकामी राहिली नाही ना. मगच गोळी बसवली, लांबी मापली आणि डबीत भरून वर चिठ्ठी लावली. गोळी, वजन, दारूचे नाव, माप, तारीख.

मध्येच मी फळीवरचा दारूचा दुसरा डबा नाव वाचायला म्हणून टेबलावर आणला. त्याने हातातले काम जागच्या जागी थांबवले, डबा उचलून परत ठेवला आणि म्हणाला, "टेबलावर एका वेळी एकच डबा." दोन दारू दिसायला सारख्या असतात. एकीचे माप दुसरीला लावले तर नळी फुटते, डोळे जातात. त्या टेबलापाशी विडी नाही, गप्पा नाहीत, आणि झोप अपुरी असेल त्या दिवशी कामच नाही.

इथेही माझी शेतकरी बुद्धी आडवी आली. मी म्हणालो, "गोळी जड, तर दारू जास्त घालायची?" तो म्हणाला, "कमी." जड गोळी नळीत जास्त अडते, मागे दाब वाढतो, म्हणून दारूचे माप उतरवावे लागते. प्रत्येक गोळीसाठी आणि प्रत्येक दारूसाठी कारखान्यांची छापील पुस्तके असतात. त्यात सुरुवातीचे माप आणि कमाल माप दिलेले असते. सुरुवात बहुधा कमालीपेक्षा दहाव्या हिश्शाने कमी असते. तिथून थोडे थोडे चढत जायचे. टोपी चपटी होऊ लागली किंवा रायफलीचा खटका उघडायला जड गेला, तर ती दाब वाढल्याची खूण. तिथून मागे फिरायचे. आणि गोळ्या कागदावर एका जागी बसू लागल्या की तिथेच थांबायचे, मग कमाल माप कितीही दूर असो. "दुसऱ्याच्या वहीतला आकडा मी घेत नाही आणि माझा कुणाला देत नाही," तो म्हणाला. म्हणून मीही इथे एकही माप दिलेले नाही.

शेवटचा मुद्दा घरातल्या बायकांच्या लक्षात लगेच येईल. गोळीचा गाभा बहुधा शिशाचा असतो आणि उमलताना त्याचे बारीक कण मांसात पसरतात. २००८ साली नॉर्थ डकोटा राज्यात गरिबांना वाटायच्या हरणाच्या मांसात असे कण आढळले आणि ते मांस टाकून द्यायला सांगण्यात आले. शिसे लहान मुलांना फार वाईट. आमच्या शेजाऱ्याच्या घरी नातवंडे आली, तेव्हापासून सूनबाईंचा आग्रह तांब्याच्या गोळीचा आहे. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. पण ती फुटून तुकडे होत नाही, त्यामुळे कमी वजनाचीही खोल जाते. सूनबाईंसाठी तो १५० ग्रेनची तांब्याची गोळी कागदावर मारून पाहणार होता. म्हणजे अकरा माशांचा कौलही कायमचा नव्हे.

शिकारीच्या पहिल्या दिवशी मी त्याच्याबरोबर मचाणावर बसलो. सकाळी मक्याच्या कडेला एक नर आला, ऐंशी वारांवर, तोंड सरळ आमच्याकडे. त्याने रायफल उचलली, पाहिले आणि खाली ठेवली. हरणाच्या मागे, झाडीपलीकडे, शेजाऱ्याचा गोठा होता. या गोळ्या चुकल्या तर मैलोगणती जातात. हरीण गेले. संध्याकाळी एक मादी आली, आडवी उभी राहिली, मागे टेकडी. एकच बार झाला. ती पन्नास पावले धावली आणि पडली. आम्ही पोचेपर्यंत प्राण गेला होता. त्याने टोपी काढली, क्षणभर उभा राहिला आणि मग सुरी काढली.

तर आजोबा, तुमच्या नातवाच्या शेजारचा म्हातारा दोन गोळ्यांकडे पाहत बसतो, त्यात वेडेपणा काही नाही. जनावरासाठी बनवलेली गोळी, आपल्या नळीला मानवणारे वजन, आपल्या खांद्याला सोसणारा दणका, पुस्तकाबाहेर न जाणारे माप आणि मागे माती दिसल्याशिवाय न ओढलेला चाप, एवढे सगळे त्याच्या तळहातावर असते.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे पीकसंरक्षणासाठी परवान्याची बंदूक आहे, त्यांनाही यातून घेण्यासारखे आहे. रानडुकरावर बंदूक उचलायची ती वनखात्याची लेखी परवानगी हातात असेल तरच. आणि अर्धवट जखमी करून सोडलेले डुक्कर दुसऱ्या दिवशी गवत कापायला गेलेल्या बाईच्या अंगावर येते, हे विसरू नका. नेमाची खात्री नसेल तर बार न काढणे बरे. एका रात्रीचे पीक गेले तर ते पुढच्या हंगामात भरून निघते.

बराय, पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर रामराम.